तांब्याच्या पत्र्याचा प्रकाशसेन्सर: या चुका टाळा

तांब्याचा पत्रा तापवून त्यावर क्युप्रस ऑक्साइडचा लाल थर आणायचा, मिठाच्या पाण्यात तो साध्या पत्र्यासमोर उभा करायचा आणि ऊन पडलं की मल्टिमीटरवर मायक्रोअँप (अँपिअरचा दशलक्षांश करंट) वाढताना बघायचे. घरी किंवा शाळेत करण्यासारखा याहून सोपा प्रकाशसेन्सर मला माहीत नाही. दुकानात स्वस्तात मिळणाऱ्या नेहमीच्या एलडीआरमध्ये (उजेडानुसार विद्युतरोध बदलणाऱ्या सेन्सरमध्ये) कॅडमियम सल्फाइड असतं, आणि कॅडमियम विषारी आहे. सिलिकॉनचा जमाना येण्याआधी, १९३० च्या सुमारास, कॉपर ऑक्साइडचे फोटोसेल कारखान्यात बनत असत.

विज्ञान प्रदर्शनाच्या दिवसांत मात्र "सर, रीडिंगच येत नाही" हे हमखास ऐकू येतं. सामानात खोट क्वचितच असते. घाई नडते ती तापवताना आणि थंड करताना, नाहीतर मोजताना.

पत्रा घेताना

पत्रा शुद्ध तांब्याचा हवा. पुण्यात तांबट आळीत तुकडे मिळू शकतात, फक्त कल्हई केलेला किंवा लॅकर मारलेला घेऊ नका. पितळ तर नकोच. पॉलिश पेपरने घासून, साबणाने धुऊन, पुसून घ्या आणि त्यानंतर कडांनाच धरा. बोटाचं तेल लागलेल्या जागी थर डागाळतो.

शेगडीवर आणि शेगडीनंतर

गॅसच्या ज्योतीवर उष्णता एकसारखी मिळत नाही. विजेची उघड्या कॉइलची, हजार वॅटच्या पुढची शेगडी घ्या आणि पूर्ण आचेवर ठेवा. थोड्या वेळात पत्र्यावर नारिंगी, जांभळे, लाल असे सुंदर रंग उमटतात. बरेच जण इथेच "झाला लाल थर" म्हणून पत्रा उतरवतात. हे रंग म्हणजे ऑक्साइडचा अतिशय पातळ पापुद्रा, तो सेन्सर म्हणून कामाचा नाही. पुढे सगळा पत्रा काळा पडतो. काळा पडल्यावरही अर्धा तास तसाच तापू द्या. वरचा काळा थर क्युप्रिक ऑक्साइडचा. आपल्याला हवा असलेला लाल क्युप्रस ऑक्साइड त्याच्या खाली तयार होत असतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. शेगडी बंद करा आणि पत्र्याला हात लावू नका. चिमट्याने उचलून फरशीवर ठेवणं किंवा पाणी शिंपडणं म्हणजे सगळ्या कष्टांवर पाणी. सावकाश निवताना तांबं आणि काळा थर वेगवेगळ्या प्रमाणात आकसतात, त्यामुळे काळा थर तडकतो. टिकटिक आवाज करत पापुद्रे उडायला लागतात, म्हणून डोळ्यांवर चष्मा हवाच. झटकन थंड केलात तर काळा थर तांब्याला घट्ट चिकटून बसतो आणि मग निघता निघत नाही. पूर्ण गार झाल्यावर नळाखाली बोटांनी हलकेच चोळा. काही काळे ठिपके राहिले तर राहू द्या. ते खरवडायला गेलात किंवा पत्रा वाकवलात तर नाजूक लाल थरही जाईल.

रीडिंग येत नसेल तर

आधी मल्टिमीटरच्या तारा पत्र्यांना जोडणाऱ्या क्लिपा बघा. त्या पाण्याबाहेर कोरड्या राहिल्या पाहिजेत. पाण्यात बुडाल्या तर क्लिपेचा धातू आणि तांबं मिळून वेगळीच बॅटरी तयार होते. दोन पत्रे एकमेकांना टेकत नाहीत ना, लाल बाजू उजेडाकडे आहे ना, हेही पाहा. मल्टिमीटर २०० मायक्रोअँपच्या रेंजवर हवा. व्होल्ट मोजू नका. उजेड वाढतो त्या प्रमाणात करंट वाढतो, व्होल्टेज मात्र लवकरच अडून बसतं.

अंधारातही थोडा करंट दिसेल. बिघाड नाही तो. सेलवर जाड पुठ्ठा झाकून तो आकडा लिहून घ्या आणि पुढच्या प्रत्येक रीडिंगमधून वजा करा.

लाल लेझर पॉइंटर किंवा टीव्हीचा रिमोट मारून "सेन्सर चालत नाही" असा निष्कर्ष काढू नका. क्युप्रस ऑक्साइड साधारण ६०० नॅनोमीटरच्या पलीकडचा प्रकाश फारसा शोषत नाही, आणि लाल लेझर बहुधा ६५० च्या आसपास असतो, रिमोटचा न दिसणारा इन्फ्रारेड तर त्याच्याही पलीकडे. ऊन किंवा पांढरा एलईडी वापरा. उन्हात पाणी तापूनही आकडा सरकतो. शंका आली तर हाताची सावली पाडा: आकडा लगेच पडला तर परिणाम उजेडाचा, हळूहळू सरकला तर उष्णतेचा.

आज छान चाललेला सेल उद्या मंदावला असेल तर पत्रा रात्रभर पाण्यातच राहिला होता का, ते विचारा. मीठ आणि उजेड मिळून लाल थर हळूहळू खराब करतात. काम झालं की काढा, साध्या पाण्याने धुवा, वाळवून ठेवा. लक्समध्ये (उजेडाच्या एककात) अचूक मोजणी या सेन्सरकडून मागू नका. खिडकीजवळ जास्त की कपाटाजवळ, अशी तुलना तो चांगली करतो.

पर्यावरणस्नेही म्हणायचं तर

१५०० वॅटची शेगडी तासभर चालली की दीड युनिट वीज जाते. एका चिमुकल्या पत्र्यासाठी एवढी वीज जाळणं मला पटत नाही. कॉइलवर मावतील तितके तुकडे एकदम तापवा, वर्गातल्या सगळ्या गटांचे होतील. वापरलेल्या मिठाच्या पाण्यात तांबं उतरलेलं असतं आणि ते माशांना घातक असतं, तेव्हा ते ओढ्यात किंवा कुंडीत ओतू नका. बाटलीत भरून, लेबल लावून पुढच्या प्रयोगाला तेच वापरा. काळे पापुद्रेही कागदात गोळा करा. थर बिघडलेला पत्रा टाकू नका. पॉलिश पेपरने चकचकीत करून पुन्हा शेगडीवर चढवता येतो.