तापीकाठी जीवाश्म शोधताना ऊन पाठीवर घ्या

समोरून येणाऱ्या उन्हाने डोळे दिपले, की गोट्यांत पडलेला हाडाचा तुकडा हमखास नजरेतून सुटतो. तापी खानदेशातून पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहते. म्हणून सकाळी प्रवाहाच्या दिशेने चालत जावे आणि दुपार कलल्यावर त्याच काठाने परतावे, म्हणजे दोन्ही वेळा ऊन पाठीवर राहते.

सहल पाणी ओसरल्यावर, जानेवारी-फेब्रुवारीत ठेवावी. एप्रिलमध्ये ऊन पाठीवर घेण्याची हौस कोणालाच उरत नाही. काळ्या कातळावर वेळ घालवू नये, कारण तो लाव्हारसाचा आहे. पुराने कापलेल्या पिवळट मातीच्या दरडी आणि त्यांतला चुनखडीने सांधलेला वाळू-गोट्यांचा थर पाहावा. त्यातही पायथ्याशी गळून पडलेले तुकडे आधी तपासावेत. एखादा तुकडा आकाराच्या मानाने जड लागला आणि मोडलेल्या कडेवर हाडासारखी बारीक जाळी दिसली, तर तो न उचलता शेजारी रुपयाचे नाणे ठेवून फोटो काढावा व जागा मोबाइलच्या नकाशावर नोंदवावी.

खालून पोखरलेल्या दरडीच्या सावलीत भाकरी सोडायला बसू नये, आणि भुसावळच्या खालच्या भागात जायचे असल्यास हतनूर धरणातून पाणी सुटणार आहे का, हे आदल्या दिवशीच विचारून घ्यावे.