सायटिकाच्या मोजमापातील चूक मी कशी सुधारली

सायटिकाच्या, म्हणजे कमरेतून पायात उतरणाऱ्या मज्जातंतूच्या दुखण्याच्या, रुग्णांची प्रगती टिपताना माझ्या वहीतले आकडे बरेच दिवस जुळत नव्हते. पाय सरळ ठेवून उचलण्याचा कोन सोमवारी ५५ अंश भरे, तर बुधवारी ७०, आणि रुग्ण मात्र दुखणे तसेच असल्याचे सांगे. फिजिओथेरपिस्ट म्हणून मला याची टोचणी लागली होती.

एकदा पाय उचलताना मी दुसरा हात रुग्णाच्या कमरेखाली सरकवला, तेव्हा ठरावीक उंचीनंतर कमरेचा बाक माझ्या बोटांवर दबत असल्याचे स्पष्ट कळले. खुब्याची म्हणून मी जी हालचाल लिहीत होतो, तिच्यात कमरेचा वाटा मिसळलेला होता. तेव्हापासून दुसरी मांडी पट्ट्याने टेबलाला बांधतो, गोनिओमीटरचा (सांध्याचा कोन मोजण्याच्या साधनाचा) मध्य खुब्याच्या बाहेरील हाडाच्या उंचवट्यावर धरतो आणि पाऊल सैल ठेवतो, कारण पाऊल वर ओढले की मज्जातंतू आणखी ताणला जातो. तीनदा मोजून सरासरी लिहितो.

वेदनेच्या बाबतीत चूक माझ्या प्रश्नातच होती. ‘किती दुखतंय?’ एवढेच विचारल्यावर कोणी त्या क्षणाचे सांगे, कोणी आदल्या रात्रीचे. आता कमरेची आणि पायाची, गेल्या २४ तासांतली सर्वाधिक वेदना ० ते १० या मापावर वेगवेगळी विचारतो. शिवाय कितव्या अंशाला कळ पोटरीत उतरली, तेही लिहितो, आणि मला हाच आकडा सर्वांत मोलाचा वाटतो. मांडीमागे नुसता ताण बसणे वेगळे आणि रुग्णाची नेहमीची कळ उठणे वेगळे.