नोटिफिकेशन पाठवायचं, तर आधी टोकन सांभाळा
ऑर्डर निघाली की ग्राहकाच्या फोनवर सूचना जायला हवी, एवढ्यासाठी गूगलची सूचना पाठवायची सेवा, फायरबेस क्लाउड मेसेजिंग, पुरेशी आहे. सर्व्हरवर ॲडमिन एसडीके (फायरबेसशी बोलणारी कोड लायब्ररी) बसवा आणि सर्व्हिस अकाउंटची, म्हणजे सर्व्हरची ओळख पटवणारी, की फाइल जोडा. ती फाइल गिटमध्ये, म्हणजे कोडसोबत, अजिबात टाकू नका. जुन्या सर्व्हर कीवाली उदाहरणं दिसली तर सोडून द्या, ती पद्धत 2024 मध्ये बंद झाली.

खरी मेहनत टोकनची, म्हणजे प्रत्येक फोनवरच्या ॲपला फायरबेस देतं त्या ओळख-कोडची. ॲप काढून पुन्हा टाकलं, फोन बदलला, की टोकन नवं. शिवाय एकाच माणसाकडे फोन आणि टॅबलेट दोन्ही असतात. म्हणून मी टोकनसाठी वेगळं टेबलच करतो: ग्राहक, टोकन, शेवटचं कधी दिसलं. एका वेळी 500 टोकनना पाठवता येतं आणि प्रत्येकाचं उत्तर स्वतंत्र येतं. ते वाचाच! 'अनरजिस्टर्ड' (आता चालत नाही) असं उत्तर आलेलं टोकन तिथल्या तिथे काढून टाका.

मेसेजसोबतच्या डेटामधली प्रत्येक व्हॅल्यू स्ट्रिंग, म्हणजे मजकूर, हवी. ऑर्डर क्रमांक 4521 असला तरी अवतरणचिन्हांत द्या.

मेसेजची मुदत ठरवायला विसरू नका. काहीच न दिल्यास बंद फोनसाठी मेसेज 4 आठवडे थांबून राहतो. ओटीपीला 5 मिनिटं बास. नोड.जेएसमध्ये (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवायचं साधन) हा आकडा मिलिसेकंदात लागतो, म्हणजे 300000.

अँड्रॉइड 13 पासून सूचना दाखवायला परवानगी मागावी लागते. ॲप उघडताच मागू नका, पहिली ऑर्डर झाल्यावर मागा. तेव्हा ग्राहकालाच सूचना हवी असते.