मुलाची स्लीप स्टडी घरी करताय? मोजे हाताशी ठेवा

स्लीप स्टडी म्हणजे झोपेत श्वास अडतो का, ते रात्रभर मशीनवर नोंदवणारी तपासणी. मशीन आणतानाच बटण कोणतं, चार्जिंग किती, ते विचारून घ्या. छातीचा आणि पोटाचा पट्टा तिथेच एकदा मुलाला बांधून बघा. त्या दिवशी अंगाला तेल नको, गालाला क्रीम नको, टेप धरत नाही. नेलपॉलिश काढा. सर्दी-ताप असेल तर तारीख सरळ पुढे ढकला. आणि लवकर झोपावं म्हणून सर्दीचं औषध अजिबात पाजू नका!

आता मोज्याचं. रक्तातला ऑक्सिजन मोजणारा प्रोब लहान मुलांना बरेचदा पायाच्या अंगठ्याला लावतात. त्यावर मायक्रोपोर टेप, त्यावर सैलसर सुती मोजा, वायर पायजम्याच्या आतून वर. मागच्या वेळी आम्ही मोजाच घातला नव्हता. पहाटे बघतो तर प्रोब चादरीच्या चुणीत, अंगठा मोकळा. सगळं पुन्हा करावं लागलं. मुलांचा श्वास अडतो तो मुख्यतः स्वप्नांच्या झोपेत, आणि ती झोप पहाटेकडे जास्त असते. म्हणजे जे पकडायचं तेच निसटतं. मोठ्यांमध्ये श्वास तासाला पाच वेळांपर्यंत अडला तर चालवून घेतात. मुलांमध्ये तासाला एकाच्या वर गेलं तरी डॉक्टर दखल घेतात. एवढ्या बारीक हिशेबात पहाटेचे दोन तास गेले तर उरलं काय? म्हणून मोजा घाला. झोपताना बघा, मध्यरात्री उठून चाचपा, पहाटे परत चाचपा.

नाकातली नळी मूल ओढणारच; गालावर दोन्हीकडे टेप लावा. ठाण्याच्या दमट हवेत पंखा बंद पडला की घाम येतो आणि टेप सुटते, तेव्हा इन्व्हर्टर बघून ठेवा. गणपती-नवरात्रातली ढोल-ताशांची रात्र निवडू नका.

झोपल्याची, उठल्याची वेळ कागदावर लिहा. घरच्या बहुतेक मशीनला मेंदूच्या लहरींच्या वायरी नसतात, त्यामुळे जागेपणीचा वेळही झोपेत धरला जातो आणि तासाला श्वास अडण्याचा आकडा कमी दिसतो. घोरण्याचा व्हिडिओ काढा.

सकाळी मशीन बंद, डबीत, घोडबंदर रोड तुंबायच्या आत परत.

रिपोर्ट चांगला आला, पण मूल अजूनही तोंड उघडं टाकून धापा टाकत झोपतंय? मग हॉस्पिटलमधली पूर्ण तपासणी मागा. अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिननं २०१७ मध्येच सांगितलंय की मुलांचं निदान घरच्या चाचणीवर करू नये. तिथेही मोजे न्या.