रोड सायकल विकायला काढताना: आधी टेप, मग फोटो

जाहिरात लिहायला बसण्याआधी घरातली सुताराची स्टीलची टेप शोधून ठेवा. शिंप्याची कापडी टेप ताणली जाते, आणि इथे एकेका सेंटिमीटरला किंमत आहे. जुन्या रोड सायकलींच्या कितीतरी जाहिरातींत साइझच्या जागी नुसतं ‘७००सी’ लिहिलेलं असतं. ते चाकाचं माप. पाच फुटी मुलीच्या आणि सहा फुटी मुलाच्या रोड सायकलला बहुतेक वेळा तीच चाकं असतात, त्यामुळे सायकल कुणाला बसेल हे त्यावरून काहीच कळत नाही.

माझी पहिली रोड सायकल मी अशीच घेतली होती, पुण्यात, सेकंडहँड. विकणारा म्हणाला, “ताई, मिडियम आहे, मिडियम सगळ्यांना होते. सीट खाली केली की झालं.” माझी उंची १५८ सेंमी आणि सायकल निघाली ५२ सेंमी साइझची. सीट पार खाली बसवली तरी हँडल लांबच राहिलं. कात्रजचा घाट उतरताना ब्रेकच्या लिव्हरपर्यंत बोटं नीट पोचायची नाहीत, करंगळी बधिर व्हायची, मान आखडायची. दीड वर्ष मला वाटत होतं की माझ्यातच दम कमी आहे. म्हणून आता स्वतःची सायकल विकताना ती कुणाच्या अंगाची आहे हे सांगणं मला किमतीइतकंच महत्त्वाचं वाटतं.

फ्रेमवर स्टिकर असेल तर त्यावरचा आकडा लिहून घ्या, पण तिथेच थांबू नका. जुन्या पद्धतीत साइझ म्हणजे सीट ट्यूबची, सीटखालच्या उभ्या नळीची, लांबी: क्रँक (पेडलचा दांडा) ज्या अक्षावर फिरते त्या बीबीच्या, म्हणजे बॉटम ब्रॅकेटच्या, मध्यापासून वर. वर म्हणजे कुठपर्यंत, याच्याही दोन रीती आहेत. कुणी सीट ट्यूबच्या तोंडापर्यंत मोजतं, कुणी वरची आडवी नळी जिथे जोडली आहे तिच्या मध्यापर्यंत. एकाच फ्रेममध्ये या दोन मापांत दीड-दोन सेंटिमीटरचा फरक सहज पडतो, तेव्हा कुठून कुठे मोजलं ते जाहिरातीत लिहाच.

त्यात १९९०च्या दशकाच्या अखेरीस जायंट कंपनीने टीसीआर या आपल्या रोड सायकलची वरची नळी मागच्या बाजूला उतरती केली आणि स्मॉल, मिडियम, लार्ज अशा मोजक्या मापांत सायकल विकायला काढली. पुढे बाकीच्या कंपन्याही उतरत्या नळीकडे वळल्या. त्यामुळे आज ५४ लिहिलेल्या सायकलची सीट ट्यूब टेपने ५० भरली तर घाबरू नका. स्टिकर खोटा नाही, तो जुन्या आडव्या नळीच्या हिशेबाने लावलेला आहे. अशा फ्रेमसाठी उपयोगी माप म्हणजे आडवी लांबी: हेड ट्यूबच्या (हँडलखालच्या पुढच्या आखूड नळीच्या) वरच्या तोंडाच्या मध्यापासून टेप जमिनीला समांतर मागे न्यायची, ती सीटपोस्टच्या (सीटखालच्या दांड्याच्या) मध्याला जिथे भेटेल तिथपर्यंत. माझ्या त्या पहिल्या सायकलीची ही लांबी ५४ होती, आताच्या सायकलीची ५१ आहे. तीनच सेंटिमीटर, पण बधिर बोटं आणि मोकळी बोटं यांच्यातलं अंतर तेवढंच होतं.

जमलं तर स्टॅक आणि रीचही काढा, म्हणजे बीबीपासून हेड ट्यूबचं वरचं तोंड किती उंच आणि किती पुढे आहे ते. ऐकायला अवघड वाटतं, पण घरी होतं. सपाट फरशीवर सायकल सरळ उभी करा, मागचं चाक भिंतीला टेकवा आणि कुणालातरी धरायला सांगा. फरशीपासून बीबीच्या मध्याची उंची मोजा, मग हेड ट्यूबच्या वरच्या तोंडाची. माझ्या सायकलीची २७ आणि ७९ भरली, वजाबाकी ५२, हा स्टॅक. आता भिंतीपासून त्याच दोन बिंदूंची आडवी अंतरं मोजा. इथे ओळंबा लागतो. गवंड्याचा नसेल तर दोऱ्याला नट बांधून सोडा आणि तो फरशीला टेकेल तिथे खडूने खूण करा. माझ्याकडे ७४.५ आणि १११.७ आलं, म्हणजे रीच ३७.२. कंपनी कुठलीही असो, साइझचं नाव काहीही असो, या दोन आकड्यांवर दोन सायकलींची सरळ तुलना होते. ज्याला यातलं कळतं तो गिऱ्हाईक हे आकडे पाहूनच फोन करतो.

ज्याला कळत नाही त्याच्यासाठी सीटची उंची द्या. बीबीच्या मध्यापासून सीट ट्यूबच्या रेषेत सीटच्या माथ्यापर्यंत मोजा, एकदा सीट सगळ्यात खाली घेऊन, एकदा सीटपोस्टवरच्या कमाल खुणेपर्यंत वर घेऊन. (सैल करण्याआधी सध्याच्या जागेवर इन्सुलेशन टेपचा वेढा द्या, नाहीतर तुमच्या सीटची उंची कायमची हरवेल.) माझी सीट ६१ ते ७० सेंमी जाते. तीन वेळा टूर द फ्रान्स जिंकलेल्या ग्रेग लेमाँडमुळे सगळीकडे पोचलेलं सूत्र असं आहे की पायाच्या आतल्या बाजूची लांबी गुणिले ०.८८३ म्हणजे सीटची उंची. उलटा भागाकार केला की ६९ ते ७९ सेंमी पायाच्या माणसाला माझी सायकल चालेल असं निघतं. अंदाजच आहे तो, पण ‘मिडियम’ या शब्दापेक्षा कितीतरी बरा.

पायाची लांबी कशी मोजायची हेही जाहिरातीत दोन ओळींत सांगा: अनवाणी, पाठ भिंतीला, पायांमध्ये जाड पुठ्ठ्याचं पुस्तक सीटसारखं घट्ट वर धरायचं आणि पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत मोजायचं. पँटचं माप सांगू नका म्हणावं. ते नेहमी कमी येतं.

हँडलची रुंदी, स्टेमची (हँडल सायकलला जोडणाऱ्या तुकड्याची) लांबी, क्रँकची लांबी हे आकडे बहुधा त्या त्या भागावरच छापलेले असतात. क्रँकचा आतल्या बाजूला, पेडलजवळ बघा, १७० किंवा १७२.५ असं काहीतरी दिसेल. स्टेम तुम्ही नंतर बदललेला असेल तर मूळचा शोधून सोबत द्या. २०० किलोमीटरची बीआरएम (ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची राइड) साडेतेरा तासांत संपवायची असते, आणि एवढ्या वेळात एक सेंटिमीटर लांब असलेला स्टेमही पाठीला कळतो.

मापं झाली की साफसफाई. चेनला रॉकेल आणि दात घासायचा जुना ब्रश पुरतो, पण डिस्क ब्रेक असतील तर तेलाचा थेंबही रोटरवर (ब्रेकच्या चकतीवर) जाऊ देऊ नका. गाड्या धुतात तिथल्या प्रेशरच्या पाण्याखाली सायकल धरू नका, बेअरिंगमध्ये पाणी शिरतं. पुसता पुसता फ्रेम बोटांनी वाचून घ्या, विशेषतः हेड ट्यूबचे आणि बीबीजवळचे जोड. रंगात केसासारखी रेघ दिसली तर ती ओरखडा आहे की तडा, हे मेकॅनिककडून पाहून घेतल्याशिवाय सायकल विकायची नाही. घाटाच्या उतारावर फ्रेम तुटली तर काय होतं हे सांगायला नको. चाकाला आऊट असेल, म्हणजे ते फिरताना डुलत असेल, तर काढून घ्या, थोड्याच पैशांचं काम आहे.

चेन किती झिजली ते पट्टीने कळतं. एका पिनच्या मध्यावर शून्य धरा, नव्या चेनमध्ये बरोबर १२ इंचांवर दुसऱ्या पिनचा मध्य येतो. तो अर्धा सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) पुढे सरकला असेल तर चेन बदलायला आली. पूर्ण सूत सरकला असेल तर कॅसेटही (मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्या) बहुधा गेलेली आहे. स्वतः बदला किंवा किमतीतून तेवढे वजा करा, पण सांगा. टायरचंही तसंच.

किमतीबद्दल एवढंच सांगते की नंतर बसवलेल्या महागड्या सामानाचे पैसे जुन्या सायकलीत वसूल होत नाहीत. खास बुटांच्या तळव्याला अडकणारी क्लीटची पेडलं काढून साधी लावा. चालवून बघायला येणारा चप्पल घालूनही येतो.

बिल शोधा. फ्रेमचा नंबर बहुधा बीबीच्या खाली कोरलेला असतो. तो जाहिरातीत टाकू नका, माणूस समोर आला की बिलाशी जुळवून दाखवा, म्हणजे सायकल चोरीची नाही याची त्याला खात्री पटेल. फ्रेमची वॉरंटी बहुतेक वेळा पहिल्या मालकापुरतीच असते, तेव्हा तिचं आश्वासन देऊ नका. फोटो सकाळच्या उन्हात, साध्या भिंतीसमोर, चेनच्या बाजूने काढा. ओरखड्यांचे वेगळे, शेजारी नाणं ठेवून.

बघायला येणाऱ्याला एकट्याने घरात बोलावण्यापेक्षा सोसायटीच्या गेटजवळ भेटा, सोबत कुणीतरी असू द्या. चक्कर मारायला देताना त्याची गाडी आणि किल्ली तुमच्यापाशी राहू द्या. आणि पैसे ‘घेण्यासाठी’ क्यूआर कोड स्कॅन करा, पिन टाका असं कुणी फोनवर सांगितलं तर फोन ठेवून द्या. पैसे यायला पिन लागत नाही.

परवा एक मुलगा आला, कॉलेजातला, पाच फूट दहा इंच. सायकल त्याला फार आवडली, पैसेही घेऊनच आला होता. मी पुस्तक आणि टेप बाहेर आणली. पाय भरला ८४. सीट खुणेपर्यंत वर घेऊन बसवलं, तर गुडघे वाकलेलेच. “काकू, मी सीटपोस्ट लांब घेईन ना,” तो म्हणाला. मी त्याला स्टॅक, रीच कागदावर लिहून दिले आणि त्याने किती आकड्याच्या आसपास शोधावं तेही. थोडा हिरमुसला, पण कागद घडी घालून खिशात ठेवला त्याने.

सायकल अजून बाल्कनीतच आहे. जी कुणी घेऊन जाईल तिच्यासाठी मी एका पाकिटात बिलाची झेरॉक्स, मापांचा कागद आणि गिअरचा जादा हँगर (मागचा गिअर ज्यावर टांगलेला असतो तो तुकडा) ठेवला आहे. हँगर फ्रेमगणिक वेगळा असतो आणि नंतर शोधायला गेलं की मिळत नाही, तेव्हा तुमच्याकडे असेल तर आजच पाकिटात घाला.