ड्रायव्हरचे पॅच हाती घेण्याआधी

तुम्ही लिनक्स कर्नलच्या (ऑपरेटिंग सिस्टमच्या गाभ्याच्या) एखाद्या सबसिस्टमचे, म्हणजे एका भागाचे, मेंटेनर असाल तर ड्रायव्हरचे पॅच, म्हणजे हार्डवेअर चालवणाऱ्या कोडमधले सुचवलेले बदल, तुमच्याकडे तपासायला येतात. तेव्हा आधी कॅलेंडर बघा. लिनक्स कर्नलची नवी आवृत्ती साधारण ९-१० आठवड्यांनी येते. त्यातले पहिले २ आठवडे मर्ज विंडोचे, म्हणजे नवं काम मुख्य ट्रीत (मूळ कोडमध्ये) घेण्याचे. मग दर रविवारी एक याप्रमाणे आरसी, म्हणजे चाचणी आवृत्त्या: आरसी-१ पासून आरसी-७ पर्यंत, कधी आरसी-८ पर्यंत. नवा ड्रायव्हर पुढच्या मर्ज विंडोत जायचा असेल तर त्याआधी तो लिनक्स-नेक्स्टमध्ये (पुढच्या आवृत्तीचं काम एकत्र करून तपासतात त्या ट्रीत) काही दिवस नांदलेला हवा. म्हणजे आरसी-६ येईपर्यंत तुमची तपासणी उरकत आलेली हवी. नेटवर्किंगची मंडळी मर्ज विंडोच्या काळात नव्या कामाची ब्रँच बंदच ठेवतात. सबसिस्टम कितीही लहान असली तरी हीच शिस्त पाळावी असं मला वाटतं, कारण घाईत घेतलेल्या पॅचची चूक निस्तरायला पुढचे सगळे आरसी लागतात.

मेलवर आलेली पॅचमालिका उतरवून घ्यायला बी-फोर हे साधन वापरा. ते अख्खी मालिका क्रमाने आणतं आणि दरम्यान आलेल्या रिव्ह्यूड-बाय, टेस्टेड-बाय अशा (कुणी वाचलं, कुणी चाचणी केली ते सांगणाऱ्या) ओळी जागच्या जागी बसवतं. मालिका कोणत्या कमिटवर (कोडच्या नोंदवलेल्या बदलावर) बेतली आहे ते पाठवणाऱ्याने लिहिलं नसेल तर आधी तेच विचारा. दुसरी किंवा तिसरी आवृत्ती आली असेल तर सगळं पहिल्यापासून वाचण्याआधी गिटच्या (कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या साधनाच्या) रेंज-डिफने जुनी-नवी शेजारी ठेवा. तुम्ही मागितलेले बदल झाले का हे तर कळतंच, शिवाय न मागता काय बदललं तेही दिसतं. माझं जास्त लक्ष या न मागितलेल्या बदलांवर असतं.

आता वर्गवारी. दुरुस्त्या एका ब्रँचवर, नवं काम दुसरीवर. साफसफाईचे पॅच नव्या कामासोबत जातात. प्रत्येक दुरुस्तीत फिक्सेसची ओळ (दोष कोणत्या कमिटने आणला ते सांगणारी) आहे का, त्यात कमिटच्या हॅशची (ओळखखुणेची) निदान पहिली १२ अक्षरं आहेत का, आणि मुख्य म्हणजे दोष खरंच त्या कमिटने आणला का, हे गिट ब्लेम (कोणती ओळ कोणत्या कमिटने आली ते दाखवणारी आज्ञा) लावून स्वतः पाहा. ही ओळ चुकली तर स्टेबल शाखांमध्ये (आधीच प्रसिद्ध झालेल्या, फक्त दुरुस्त्या घेणाऱ्या आवृत्त्यांमध्ये) दुरुस्ती नको तिथे जाते किंवा हवी तिथे पोचत नाही. मालिकेत साफसफाई आधी आणि दुरुस्ती नंतर असेल तर क्रम उलटा करून मागा. स्टेबलचा नियम आहे की पॅच आजूबाजूच्या ओळी धरून १०० ओळींपेक्षा मोठा नको. साफसफाईवर टेकलेली ५ ओळींची दुरुस्ती जुन्या शाखेवर लागतच नाही, किंवा साफसफाईलाही ओढत नेते.

मालिकेच्या आतला क्रमही बघून ठेवा. डिव्हाइस ट्री बाइंडिंगचा (हार्डवेअरचं वर्णन कसं लिहायचं ते ठरवणारा) पॅच वेगळा आणि ड्रायव्हरच्या आधी हवा. त्यातल्या यामल फाइलवर डीटी-बाइंडिंग-चेक ही तपासणी चालवून झालेलं हवं. बोर्डाच्या डीटीएस फाइल (त्या बोर्डाचं प्रत्यक्ष वर्णन) बहुधा त्या चिपच्या ट्रीमधून जातात, त्यांना तुमच्या ब्रँचवर जागा नाही. मालिका दोन सबसिस्टमना स्पर्श करत असेल तर ती कोण घेणार हे आजच ठरवा. गेट-मेंटेनर स्क्रिप्ट नावं देते, पण आपसात बोलून घेणं तुमच्याकडेच. मग गिट रिबेसला (पॅच एकेक करून पुन्हा लावणाऱ्या आज्ञेला) एक्झेकचा पर्याय देऊन प्रत्येक पॅचनंतर बिल्ड करा. फक्त शेवटचं टोक बिल्ड होऊन भागत नाही. उद्या कुणी वेगळाच दोष शोधायला बायसेक्ट (कमिटची यादी अर्धी-अर्धी करत दोषी कमिट शोधणं) लावेल, आणि तुमच्या मालिकेच्या मधोमध बिल्ड मोडलं तर त्याची वाट तिथेच अडेल.

यंत्राने सापडणाऱ्या चुका यंत्राकडून काढून घ्या. चेकपॅच ही शैली तपासणारी स्क्रिप्ट चालवा, पण ओळीच्या लांबीवरून वाद घालत बसू नका. ८० स्तंभ बरे, आणि २०२० पासून चेकपॅचही १०० ओलांडल्यावरच टोकतं. डब्ल्यू=१ (जादा इशारे दाखवणारा पर्याय) लावून बिल्ड करा, स्पार्स हे कोड तपासणारं साधन चालवा. स्पार्स एन्डियनची (संख्येतल्या बाइटच्या क्रमाची) गडबड बरोबर पकडतं, मात्र त्यासाठी हार्डवेअरला जाणाऱ्या रचनांमध्ये लिटल-एन्डियनचे प्रकार नीट लिहिलेले हवेत. एक बिल्ड ३२ बिटवर कराच. ६४ बिटच्या संख्येला सरळ भागाकाराचं चिन्ह लावलेलं असेल तर ते लिंक होताना तिथेच उघडं पडतं.

यानंतर खरं वाचन. चिपची डेटाशीट आणि तिच्या ज्ञात दोषांची यादी शेजारी उघडी ठेवा. कोणत्या रजिस्टरचे (चिपमधल्या नियंत्रणाच्या खणाचे) बिट १ लिहिल्यावर पुसले जातात आणि कोणते नुसते वाचल्यावर पुसले जातात, हे माहीत नसेल तर इंटरप्ट हँडलर (चिपने लक्ष वेधल्यावर चालणारं फंक्शन) बरोबर आहे की नाही हे कोडकडे पाहून सांगता येत नाही.

मी ड्रायव्हर शेवटाकडून वाचतो: आधी रिमूव्ह (डिव्हाइस सोडताना चालणारं फंक्शन), मग प्रोबमधल्या (डिव्हाइस जोडताना चालणाऱ्या फंक्शनमधल्या) चुकीच्या वाटा, आणि सगळं सुरळीत चालतं ती वाट सर्वांत शेवटी. सुरळीत वाट लिहिणाऱ्याने रोज चालवलेली असते, परतीची वाट बहुधा कुणीच चालवलेली नसते. सगळ्यात जास्त घोळ मला डेव्ह-एम प्रकारची (घेतलेली साधनं आपोआप सोडणारी) फंक्शन आणि हाताने केलेली आवराआवर यांच्या सरमिसळीत सापडतो. समजा, इंटरप्ट डेव्ह-एमने मागितला आहे आणि क्लॉक मात्र रिमूव्हमध्ये हाताने बंद केला जातो. डेव्ह-एमची साधनं रिमूव्ह संपल्यावर सुटतात. म्हणजे क्लॉक बंद झाला तरी इंटरप्ट जिवंत आहे, आणि त्या फटीत हँडलरने रजिस्टर वाचलं की कितीतरी चिपवर मशीन जागीच थिजतं. दोन्ही डेव्ह-एमने घ्या किंवा दोन्ही हाताने सोडा. इंटरप्ट शेअर्ड (अनेक डिव्हाइसमध्ये सामायिक) असेल तर डीबग-शर्क पर्याय लावून कर्नल बनवा. इंटरप्ट सोडताना तो हँडलरला मुद्दाम एकदा जादा बोलावतो.

याचीच उलट चूक प्रोबमध्ये असते आणि ती मी एकदा स्वतः मंजूर केली आहे. सेन्सरचा छोटा ड्रायव्हर होता, चेकपॅच स्वच्छ, भाषा नेटकी. त्यात इंटरप्ट आधी मागितला होता आणि लॉक व कम्प्लीशन (काम पूर्ण होईपर्यंत थांबण्याची सोय) नंतर तयार केले होते. वीज बंद करून चालू केली की सगळं ठीक चालायचं. नुसतं रीबूट केलं तर चिपमध्ये आधीचा इंटरप्ट ताटकळत असायचा, आणि नोंदणी होताच हँडलर तयार नसलेल्या लॉकवर जाऊन पडायचा. तेव्हापासून चाचणीत दोन्ही प्रकारे बूट करून बघणं माझ्या यादीत पक्कं आहे.

डीएमए (डिव्हाइसने स्वतः मेमरी वाचणं-लिहिणं) असेल तर मास्क (डिव्हाइस कुठवरचे पत्ते गाठू शकतं ते) ठरवला का आणि मॅपिंगची चूक तपासली का, हे पाहा. बफर स्टॅकवर असेल तर पॅच तिथेच परत करा. २०१६ च्या ४.९ आवृत्तीपासून एक्स-८६ वर स्टॅक व्हीमॅपच्या जागेत (डीएमएला न चालणाऱ्या आभासी पत्त्यांवर) असू शकतो, त्यामुळे पूर्वी योगायोगाने चालणारे असे ड्रायव्हर मोडले. डिव्हाइसने सांगितलेली लांबी जशीच्या तशी वापरली आहे का, हेही पाहा. यूएसबीला कुणीही काहीही जोडू शकतं, तेव्हा तो आकडा परक्याने दिलेला समजूनच तपासायचा. स्पिनलॉक (धरला असताना झोपायची मनाई असलेलं लॉक) धरून झोपणाऱ्या फंक्शनला हाक मारली आहे का, हे डोळ्यांनी शोधा आणि लॉकडेप व अ‍ॅटॉमिक-स्लीपचे (लॉकच्या चुका पकडणारे) डीबग पर्यायही लावा. एकट्या डोळ्यांवर मी विसंबत नाही. रनटाइम पीएममध्ये (वापर नसताना चिप झोपवणाऱ्या यंत्रणेत) चिप जागी करणारं गेट-सिंक अयशस्वी झालं तरी वापराची मोजणी वाढलेलीच राहते. ती परत कमी केली नसेल तर चिप पुन्हा कधीच झोपत नाही आणि बॅटरी उतरत राहते.

बोर्ड हाताशी असेल तर मॉड्यूल शंभरदा लावा-काढा, केसान (मेमरीच्या चुका पकडणारं साधन) चालू ठेवून. काम चालू असतानाच सस्पेंड करा. बोर्ड नसेल तर ज्याच्याकडे आहे त्याच्याकडून टेस्टेड-बाय मागा, आणि तेही याच आवृत्तीसाठी. मालिका मधे बरीच बदलली असेल तर जुन्या पावत्या काढून टाकणंच प्रामाणिकपणाचं. साइन्ड-ऑफ-बायच्या (पॅच पुढे देणाऱ्याच्या सहीच्या) ओळी पॅच ज्या हातांतून आला त्याच क्रमाने असाव्यात, शेवटची तुमची.

ब्रँच मुख्य ट्रीत घ्या असं सांगणारा सही केलेला टॅग बनवण्याआधी ब्रँच मुख्य ट्रीवर एकदा तात्पुरती मर्ज करून बघा. संघर्ष आला तर तो कसा सोडवायचा ते टॅगच्या मजकुरात लिहा, पण तो टाळण्यासाठी आयत्या वेळी रिबेस करू नका, कारण तपासून झालेलं सगळं त्याने नव्याने तपासावं लागतं. आणि ज्यांचे पॅच या फेरीत बसले नाहीत त्यांना मर्ज विंडो उघडण्याआधी कारणासकट कळवा: कोणता पॅच घेतला, कोणता राहिला, पुढच्या आरसी-१ वर काय बदलून पाठवायचं.