माळावरची अळंबी: वारूळ न दुखावता कशी काढावी

श्रावणात कोकणातल्या आणि गोव्यातल्या सड्यांवर (कातळाच्या माळांवर), गायरानांत, काजूच्या बागांत जी पांढुरकी, टोकदार छत्रीची अळंबी उगवते, तिच्याबद्दलच हे लिहितो आहे. शेणावर किंवा कुजक्या लाकडावर येणाऱ्या छत्र्यांना यातलं काहीही लागू करू नका.

ही अळंबी मातीची नाही, वाळवीची आहे. वाळवी वाळलं गवत, पाचोळा, काटक्या पोटातून नेते आणि जमिनीखालच्या पोकळ्यांत त्यांचे स्पंजासारखे पोवळे रचते. त्या पोवळ्यांवर ही बुरशी वाढते आणि वाळवी ती खाऊन जगते. या बुरशीच्या प्रजातीला १९४२ मध्ये रॉजर हाइम या फ्रेंच शास्त्रज्ञाने टर्मिटोमायसिस हे नाव दिलं. वाळवीशिवाय ती रानात जगत नाही. आपण काढतो ती तिची फळं. म्हणून जपायचं ते छत्रीला नव्हे, खालच्या पोवळ्याला. पुढचं सगळं याच एका गोष्टीवरून ठरतं.

निघताना

पहाटे निघा. वेताची पाटी किंवा रोवळी घ्या, प्लॅस्टिकची पिशवी नको. तिच्यात अळंबी घरी पोचेपर्यंत घामेजून नासते. सोबत लहान धारदार सुरी आणि बोटाएवढी बांबूची काडी. जमीन ज्याची असेल त्याला विचारा. अभयारण्यात आणि राष्ट्रीय उद्यानात शिरून काढू नका, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो गुन्हा आहे. ज्या बागेत तणनाशक मारलंय तिथली आणि मोठ्या रस्त्याच्या कडेची अळंबी सोडा, कारण अळंबी जमिनीतले जड धातू शोषून घेते.

जागा सापडली की थांबा

घोळका दिसला की माणसं धावत मध्ये शिरतात आणि तिथेच नुकसान सुरू होतं. स्वित्झर्लंडमधल्या एका राखीव जंगलात १९७५ पासून जवळजवळ तीस वर्षं याचा अभ्यास झाला. अळंबी कापली की उपटली, याने पुढच्या वर्षांच्या पिकात फरक पडला नाही. माणसांच्या पायांखाली तुडवलेल्या जागी मात्र छत्र्या कमी उगवल्या. तिथली अळंबी जंगलातली, आपली वारुळातली, त्यामुळे कापण्या-उपटण्याचा निष्कर्ष इथे जसाच्या तसा आणता येणार नाही. पायांचा मात्र आणायलाच हवा. भिजलेल्या मातीखाली पोवळ्याची पोकळी कधीकधी अगदी वर असते. कडेने फिरा, एकाच बाजूने बसा आणि हात पोचेल तेवढंच काढा. पोरांना बाहेर उभं करा.

देठ: खरी अडचण इथे आहे

“जमिनीलगत कापा, मुळाला हात लावू नका” हा सल्ला तुम्हाला सगळीकडे मिळेल. अर्धवट सल्ला आहे आणि जिवावर बेतू शकतो. उलट बाजूला “मुळासकट खणून काढा, वजन जास्त भरतं” म्हणणारे आहेत. ते तर दरवर्षी एकेक जागा संपवत चालले आहेत. या दोन्हींमधली वाट सापडून हात बसायला मला बरेच पावसाळे लागले, म्हणून सविस्तर सांगतो.

अडचण अशी. अमानिटा या प्रजातीतल्या अत्यंत विषारी छत्र्यांच्या बुडाशी, बहुधा मातीत लपलेली, पिशवीसारखी खोळ असते. जमिनीलगत कापलं तर ती खोळ तुम्हाला दिसणारच नाही. आपल्या अळंबीची सर्वांत भरवशाची खूणही मातीखालीच आहे: देठ खाली निमुळता होत मुळासारखा लांबत जातो आणि थेट पोवळ्यापर्यंत पोचतो, कधी वीतभर, कधी हातभर. म्हणजे खात्री करायची तर खाली पाहायला हवं, आणि फार खाली गेलात तर पोवळं फुटतं, पोकळीत पाणी शिरतं.

म्हणून प्रत्येक नव्या जागी घोळक्याच्या कडेची एकच छत्री निवडा. तिच्या देठाला लागून काडीने माती हळूहळू मोकळी करा. देठ बारीक होत खाली चाललाय, कुठेही खोळ नाही, गाठ नाही, एवढं दिसलं की थांबा. पोवळ्यापर्यंत जायचं नाही. ओढायचंही नाही, ओढल्यावर देठ तुटतो तो बऱ्याचदा पोवळ्याचा तुकडा घेऊनच. माती परत लोटून बोटांनी दाबा.

बाकीच्या प्रत्येक छत्रीला, हो, प्रत्येक, दोन बोटं माती बाजूला करून बूड बघा आणि तिथे सुरीने कापा. भोक लगेच बुजवा. वेळ लागतो. ज्याला एवढा वेळ नाही त्याने रानातली अळंबी काढू नये. एका घोळक्यात दुसऱ्या जातीची छत्री मिसळलेली असू शकते, म्हणून पहिली तपासली की सगळ्या चालतील असं धरू नका. कुदळ, पहार, फावडं यांचं या कामात काहीच काम नाही.

वरच्या खुणाही पाहा, पण सगळ्या एकत्र. छत्रीच्या मधोमध कडक टोक असतं, त्यानेच ती माती भेदून वर येते. खालचे पापुद्रे देठाला चिकटलेले नसतात. छत्री रात्रभर पांढऱ्या कागदावर पालथी ठेवली तर गुलाबीसर भुकटी पडते. भुकटी हिरवट पडली तर ती कुरणात नेहमी दिसणारी, खवल्यांची मोठी छत्री. खाल्ल्यावर काही तासांत जोरदार उलट्या-जुलाब होतात. पांढरी पडली तरी फेका. नुसत्या गुलाबी भुकटीवरही विसंबू नका, काही विषारी छत्र्यांची भुकटीही गुलाबीच असते.

चांदीचं नाणं काळं पडतं का, लसूण निळी होते का, किड्यांनी खाल्लीय का, या कसोट्या पूर्णपणे निरुपयोगी आहेत. अमानिटाचं विष शिजवूनही जात नाही. त्रास सुरू व्हायला सहा तासांहून अधिक, कधी बारा तासही लागतात, मग थोडं बरं वाटतं आणि तोवर यकृत निकामी होऊ लागलेलं असतं. पहिले काही पावसाळे गावातल्या जाणत्या माणसाबरोबरच जा. लेख वाचून एकट्याने शिकायची ही गोष्ट नाही.

किती घ्यायची

कळ्या काढू नका. बाजारात कळीला भाव जास्त, चवही दाट, हे मला मान्य आहे. पण कळीने एकही बीजाणू, म्हणजे बुरशीचं बी, सोडलेला नसतो, आणि ती मातीतून उकरताना पोवळं हमखास दुखावतं. पूर्ण पसरलेल्या, कडा फाटू लागलेल्या छत्र्याही ठेवा. बीजाणू त्याच पाडत असतात. पंख फुटलेली वाळवी उडून नवं वारूळ वसवते, तेव्हा या बुरशीच्या बहुतेक जातींत त्या वारुळातल्या पहिल्या कामकरी वाळवीला बी असं बाहेरूनच, पाचोळ्याबरोबर वेचून न्यावं लागतं. जाळीच्या टोपलीतून वाटेवर बीजाणू सांडतात, एवढ्याने भागतं, असं म्हणणाऱ्यांचं ऐकू नका. उभी राहिलेली छत्री जे करते ते टोपली करू शकत नाही.

अर्धवट उमललेल्या घ्या. त्यांतल्याही निम्म्याच. माझ्यानंतर येणारा सगळं नेईल, मग मी का सोडू, असं म्हणत गावाजवळच्या कितीतरी जागा रिकाम्या झाल्या. गुरं चारणाऱ्याशी, शेजारच्या वाडीतल्या बायकांशी आधीच बोलून घ्या. ठरवून सोडलेली जागा टिकते. आणि त्या जागेवर वाळवीचं औषध ओतू देऊ नका, सडा सपाट करायला जेसीबी येत असेल तर ग्रामसभेत उभं राहून बोला.

घरी

माती तिथेच झटकून आणा. भिजत घालू नका, त्याच दिवशी नीट शिजवून खा. पहिल्यांदा खाणाऱ्याने थोडीच खावी आणि एक कच्ची छत्री दुसऱ्या दिवसापर्यंत बाजूला ठेवावी. कुणाला त्रास झालाच तर ती घेऊन तडक दवाखाना गाठता येतो.

रस्त्याकडेला पानांवर मांडलेली अळंबी विकत घेतानाही हेच बघा. सगळ्या कळ्याच असतील, देठांना पोवळ्याचे तुकडे लागलेले असतील, तर घेऊ नका, आणि का घेत नाही ते विकणाऱ्या बाईंना नीट समजावून सांगा.